ऑपरेशननंतर ट्रॅक्टर-मोटारसायकल पुन्हा केव्हा हातात घ्यावी?



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, बांधणी, पाचट, खोडव्याची निगा असल्या गोष्टी लिहितो. या खेपेस जरा वाट सोडून लिहीत आहोत. विषय आहे ऑपरेशन झाल्यावर पुन्हा गाडी चालवण्याचा. ऊस विकास खात्याचा आणि याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण गेल्या हंगामात ही गोष्ट आमच्या स्वतःच्या अंगावर बेतली. नंतर गटागटांतून फिरताना चौकशी केली, तर दर दोन-चार वस्त्यांमागे एक तरी असा निघाला की ज्याने टाके ओले असतानाच ट्रॅक्टरवर टांग टाकली होती. आम्ही शेतकी पदविकेचे, डॉक्टर नव्हे. तेव्हा खाली जे लिहिले आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि थोडे स्वतः भोगून लिहिले आहे. ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांचा शब्द आमच्या शब्दाच्या वर समजावा.

आधी आमची हकीकत सांगून टाकतो. डिसेंबरात आमचे उजव्या जांघेतील हर्नियाचे ऑपरेशन झाले. आत जाळी बसवली. तिसऱ्या दिवशी घरी आलो, नवव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टरांनी सांगितले, "वजन उचलू नका, आणि गाडीचं पुढच्या तपासणीला बघू." आम्ही पहिला अर्धा भाग ऐकला आणि दुसरा कानाआड केला. हंगाम ऐन भरात, तोडणीचा कार्यक्रम रोज बदलतोय, फोनला उसंत नाही. चालता येत होते, जिना चढता येत होता. मग मोटारसायकलवर बसायला काय हरकत, असा हिशेब केला. गाडीला सेल्फ असल्यामुळे किक मारायची नव्हती, म्हणून तर आणखीच जोर आला.

अकराव्या दिवशी सकाळी कॅनॉलच्या रस्त्याने निघालो. वेग काही फार नव्हता. एका फडाच्या तोंडातून भरलेली टायरगाडी एकदम रस्त्यावर आली, आणि बैलांच्या पलीकडून तोडणी कामगाराचे एक सात-आठ वर्षांचे पोर पळत पुढे झाले. ब्रेक दाबायला उजवा पाय उचलला आणि जांघेत अशी कळ आली की पाय जागीच थांबला. किती वेळ थांबला असेल? डोळ्याचे पाते लवावे तेवढाच. पण तेवढ्यात पोर आणि आमचे पुढचे चाक यांत हातभर अंतर राहिले. आम्ही हँडल वळवले आणि गाडीसकट चारीत गेलो. पोराला काही झाले नाही. आमचा दिवा फुटला, जखमेच्या जागी रक्त साकळले आणि पुढचे तीन आठवडे पुन्हा घरी बसावे लागले. वाचवलेले दहा दिवस एकवीस दिवसांना पडले. पण आम्हाला रात्री आठवते ते एकवीस दिवस नव्हेत, ते हातभर अंतर आठवते. त्या पोराची आई धावत आली आणि आम्हालाच विचारू लागली, "सायेब, तुमास्नी लागलं न्हाई न्हवं?" आम्हाला तोंड वर करवेना.

आता यात चुकले कुठे, ते नीट पाहू. आपण सगळे बरे झाल्याची खूण म्हणून टाक्यांकडे पाहतो. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले : "टाकं निघाल्याती की! आता काय हुतंय?" पण टाके म्हणजे वरच्या कातड्याची शिवण. कातडे आठ-दहा दिवसांत जुळते. त्याच्याखाली पोटाच्या भिंतीचे थर असतात, स्नायू असतात, कुठे हाड असते. त्यांना जुळून बळकट व्हायला कित्येक आठवडे लागतात. आपल्या भाषेत सांगायचे तर रान वरून पांढरे दिसते, वाफसा आला असे वाटते, पण ट्रॅक्टर घातला की चाक आत जाते. वरचा इंचभर थर वाळला म्हणून कोणी जाणता शेतकरी नांगर घालत नाही. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र आपण वरचा इंचच पाहतो.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे अठरा फूट. साडेचार फुटी सरीच्या चार सऱ्या. पायात कळ आली, पोट आखडले, गोळीची गुंगी असली, की हा अर्धा सेकंद सहज जातो. सरळ रस्त्यावर गाडी नेणे म्हणजे गाडी चालवणे नव्हे. ते तर पाहुणा पोरगाही करील. ऐनवेळी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबता येणे, झटकन मान मागे वळवता येणे आणि प्रसंग पडला तर गाडीवरून चटकन खाली उतरता येणे, या तीन गोष्टी ज्याला न कण्हता जमतात तो गाडी चालवायला मोकळा. डॉक्टर मंडळी विचारतात तेही याच अर्थाचे असते.

भुलीचेही सांगितले पाहिजे. लहानसे ऑपरेशन, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, असे आता पुष्कळ होते. पूर्ण भूल दिली असेल किंवा झोपेचे इंजेक्शन दिले असेल, तर निदान चोवीस तास कोणतेही वाहन, पाण्याची मोटर, कडबाकुट्टी यांना हात लावू नये. माणूस बोलतो-चालतो, चहा पितो, पण त्याची समज मंद असते आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. एकट्याने दवाखान्यात मोटारसायकल लावून ऑपरेशनला जाणारे महाभागही आम्हाला भेटले आहेत. परत न्यायला माणूस बरोबर असलाच पाहिजे. आणि भूल उतरली तरी गोळ्या उरतातच. दुखणे कमी करणाऱ्या जोराच्या गोळ्यांनी, विशेषतः ट्रामाडॉल असलेल्या, गुंगी येते. गोळी चालू आहे तोवर दुखत नाही म्हणून गाडी काढली जाते, आणि गुंगी आहे म्हणून ती काढायला नको असते. दोन्ही बाजूंनी फसगत. गोळी बंद केल्यावर दुखत नसेल तरच बरे झालो असे धरावे. रात्रपाळीला ऊस घेऊन येणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता वाहनावाहनांत फरक आहे. शहरी कागदांत जे आठवडे लिहिलेले असतात ते गुळगुळीत रस्त्यावरच्या मोटारीसाठी असतात. आपल्या ट्रॅक्टरचे तसे नाही. क्लच जड, तो डाव्या पायाने तळापर्यंत दाबावा लागतो. उजव्या पायाखाली दोन ब्रेक. रस्त्यावर ते खिट्टीने जोडलेले असले तरी दाबायला जोर लागतो. जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणजे वळणावर छाती-खांद्याची ओढाताण आली. चढताना-उतरताना एका पायावर सगळा भार. शेतातले हादरे तर पोटाच्या ओल्या जखमेला कोपरखळ्या मारल्यासारखे लागतात. त्यात मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या असल्या आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला, की कित्येक टन उसाचा रेटा तुमच्या एका उजव्या पायावर येतो. म्हणून ज्याला दोन आठवड्यांनी मोटार चालवायला परवानगी मिळाली त्याने ती ट्रॅक्टरलाही मिळाली असे समजू नये. डॉक्टरांना "गाडी चालवू का?" असे मोघम विचारू नका. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे त्यांची मोटार उभी राहते. "भरलेल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर चालवू का?" असेच विचारा. उत्तर बदलेल.

मोटारसायकलचे आणखी निराळे. तिचा मागचा ब्रेक उजव्या पायाला, गिअर डाव्या पायाला, पुढचा ब्रेक उजव्या हाताला, क्लच डाव्या हाताला. चारी हातपाय कामाला लागतात, एकही अधू चालत नाही. शिवाय थांबलेली गाडी कलली तर तिचे शंभर-सव्वाशे किलो वजन पायावर आणि पोटावर येते. मुरमाड रस्त्यावर नुसता पुढचा ब्रेक दाबून भागत नाही, चाक घसरते. बिनगिअरच्या स्कूटरला पायाचा ब्रेक नाही हे खरे, पण ती स्टँडला लावताना पोटावर येणारा ताण मात्र तोच.

कोणत्या ऑपरेशनला किती दिवस, हे ऐकायची सभासदांना घाई असते. ठोकळेबाज सांगतो. दुर्बिणीतून केलेले अपेंडिक्स, पित्ताशय किंवा हर्नियाचे ऑपरेशन असले तर मोटारीला साधारण एक ते दोन आठवडे. पोट उघडून केले असेल तर त्याहून बरेच जास्त, आणि जड उचलणे व हादऱ्याचे काम चार ते सहा आठवडे बंद. सिझेरियन झालेल्या भगिनींना पुष्कळ डॉक्टर सहा आठवडे सांगतात. तेही पोटाचेच मोठे ऑपरेशन आहे, हे घरच्या पुरुषमंडळींनी ध्यानात ठेवावे. दूध घालायला स्कूटरवर सुनेलाच पाठवण्याची रीत काही घरांत आहे. हातापायाला प्लॅस्टर असेपर्यंत गाडीचे नाव काढू नये, आणि प्लॅस्टर निघाल्यावरही सांधा मोकळा होऊन ताकद येईपर्यंत थांबावे.

गुडघे आणि खुबे बदललेल्यांची संख्या आपल्या सभासदांत वाढते आहे. उजव्या गुडघ्याचे रोपण केल्यावर ब्रेकवर पाय पडण्याचा वेग पूर्वीसारखा व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. डावा गुडघा असेल तर काही जणांना लवकर परवानगी मिळते, पण ती बिनक्लचच्या मोटारीला. ट्रॅक्टरला आणि जीपला डाव्या पायाला क्लच आहे, म्हणून आपल्याला डावा-उजवा असा भेद करून चालत नाही.

हृदयाच्या ऑपरेशनबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण तिथे घाईने जिवाशी गाठ पडते. बायपासला छातीचे मधले हाड कापून तारेने बांधतात. ते सांधायला दीड-दोन महिने तरी लागतात, पुरते बळकट व्हायला तीन. स्टिअरिंगची ओढ नेमकी त्याच हाडावर येते, आणि गाडी अचानक थांबली तर छाती पुढे आपटण्याची भीती असते. अँजिओप्लास्टीत हाड कापत नाहीत, मनगटातून किंवा जांघेतून नळी घालतात, म्हणून ती माणसे लवकर उठतात; पण झटका येऊन गेला असेल तर हृदयाची ताकद किती उरली आहे ते तपासल्याशिवाय गाडी नाही. ब्रिटनमध्ये वाहन परवाना खात्याने यासाठी नियमच ठरवले आहेत. साधी मोटार असेल तर यशस्वी अँजिओप्लास्टीनंतर एक आठवडा आणि बायपासनंतर चार आठवडे. ट्रक किंवा बस चालवणाऱ्याला मात्र अनुक्रमे सहा आठवडे आणि तीन महिने, आणि त्यानंतरही तपासणी करूनच. जड वाहनाला वेगळा नियम का, हे ट्रॉल्या ओढणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये असे दिवस मोजून दिलेले नाहीत. पण कलम १८६ आहे. आपल्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे लोकांना धोका होईल हे ठाऊक असून जो सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवतो, त्याला पहिल्या वेळी एक हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवला आहे. रक्कम मोठी नाही, पण अपघात झाल्यावर हेच कागद पुढे येतात आणि "डॉक्टरांनी नको म्हटलं होतं का?" हा प्रश्न विचारला जातो.

डोळ्याचे ऑपरेशन हे सर्वांत हलके समजले जाते. मोतीबिंदू काढला, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, सगळे लख्ख दिसू लागले. लख्ख दिसते हे खरे, पण दोन डोळ्यांच्या नजरेत तेव्हा फरक असतो, चष्म्याचा नंबर कायम व्हायला चार-सहा आठवडे जातात, आणि समोरच्या दिव्याचा झोत रात्री फाकलेला दिसतो. अंतराचा अंदाज चुकतो तो इथे. परवान्याच्या अर्जातील प्रतिज्ञापत्रात एक साधी कसोटी आहे : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता आली पाहिजे, चष्मा असेल तर चष्मा लावून. पंचवीस पावले थोडी लांब टाकून मोजा आणि अंगणातल्या अंगणात पाहा. नाही जमले तर चावी पोराच्या हातात द्या. आणखी एक, जे फारसे कोणी सांगत नाही. मागच्या पडद्याचे ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो विरेपर्यंत घाट चढायचा नाही. उंचीवर हवा विरळ होते, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातील दाब वाढून नजर जाऊ शकते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. विश्रांतीसाठी म्हणून कोणी तिकडे नेऊ लागले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, गाडी दुसऱ्याने चालवली तरी.

गाडी चालवण्याआधी गाडीत बसून जाणे येतेच. दवाखान्यातून गावी येताना रुग्णाला मागच्या सीटवर आडवे टाकून आणण्याची पद्धत आहे, त्यापेक्षा पुढची सीट मागे सरकवून, पाठ थोडी कलती करून बसवणे बरे. पट्टा लावायचाच. पोटावर किंवा छातीवर जखम आहे म्हणून पट्टा काढू नये. जखमेवर घडी घातलेला टॉवेल किंवा लहान उशी ठेवून वरून पट्टा घ्यावा, आणि कमरेचा पट्टा पोटावर न घेता खाली हाडांवर घ्यावा. खुबा बदललेल्याने खाली दबणाऱ्या सीटवर बसू नये. सीटवर उशी घालून उंच करावी, आधी पाठमोरे टेकावे, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवावे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरली तर अंग सहज सरकते, बसून झाल्यावर ती काढून घ्यावी. एस.टी.ने यावे लागले तर मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळावी. हंगामात आपल्या रस्त्यांची काय दशा असते ते आम्ही लिहायला नको, त्यात आमच्याच उसाच्या गाड्यांचा हात आहे.

लांबचा प्रवास असेल तर तासाभराने थांबून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे वरखाली करत राहावे, पाणी पीत राहावे. पायाच्या आणि पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पाय लोंबते ठेवून तासन् तास बसले की पोटरीतील शिरेत रक्ताची गाठ होते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर चोळत बसू नका, तेल तर मुळीच लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखून धाप लागली तर उजाडण्याची वाट पाहू नका.

परवानगी मिळाल्यावर सुरुवात कशी करावी, ते आम्ही दुसऱ्या खेपेस केले तसे सांगतो. आधी गाडी बंद ठेवून अंगणात बसलो. पूर्ण जोराने दहा वेळा ब्रेक दाबला, दोन्ही बाजूंनी मान वळवून पाहिली, उतरलो, पुन्हा चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले नाही, तेव्हा मागे माणूस बसवून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याने एक फेरी मारली. आठवडाभर दिवसाउजेडीच. ट्रॅक्टरवाल्यांनी पहिले काही दिवस ट्रॉली न जोडता चालवून पाहावे, मग एक रिकामी ट्रॉली, भरलेली सर्वांत शेवटी.

आता आमच्या खात्याच्या वाट्याचे. एका सभासदाची आडसाली लागण तोडीला आली, त्याच आठवड्यात त्यांचे पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले. नेहमीचा ड्रायव्हर मध्येच सोडून गेला. पाळी गेली तर ऊस फडात वाळेल, या भीतीने ते बाराव्या दिवशी स्वतः दोन ट्रॉल्या घेऊन गव्हाणीपर्यंत आले. सुदैवाने काही घडले नाही. आम्हाला कळले ते महिन्याने, चहा पिताना. "आधी का नाही सांगितलं?" विचारले तर म्हणाले, "तुमी काय करणार? पाळी म्हंजे पाळी." हे त्यांचे म्हणणे आम्हाला लागले, कारण चूक अर्धी आमची आहे. लागण तारखेची पाळी मोडता येत नाही हे खरे, तसे केले तर दहा जण उद्या दारात उभे राहतील. पण त्याच पाळीत दुसऱ्याचे वाहन देणे, तोड चार-आठ दिवस मागेपुढे करणे, शेजारच्या फडाची टोळी आधी हलवणे हे शेती खात्याला करता येते. मात्र ते आयत्या वेळी जमत नाही.

म्हणून सभासदांना विनंती. ऑपरेशनची तारीख ठरली की गट ऑफिसला कळवावे, कोणते ऑपरेशन ते सांगण्याची गरज नाही. गट नंबर, लागण तारीख, स्वतःचे वाहन आहे की कंत्राटी आणि साधारण किती दिवस गाडी चालवता येणार नाही, एवढे चिटबॉयकडे नोंदवले तरी पुरे. तोडणी सुरू होण्याआधी पंधरा दिवस कळले तर वाहनाची सोय लावता येईल. चिटबॉय जागेवर नसला तर शेती ऑफिसमध्ये आमच्याकडे थेट यावे, म्हणजे कोणाला तरी पाठवावे.